भोसरी-चाकणच्या लहान कारखान्यात कामगार टिकत का नाही

भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यातल्या कुठल्याही गल्लीत शिरा, शेडच्या फाटकावर 'सीएनसी-व्हीएमसी ऑपरेटर पाहिजेत, हेल्पर पाहिजेत' अशी पाटी दिसतेच. सीएनसी आणि व्हीएमसी म्हणजे धातू कापून सुटे भाग बनवणारी संगणकावर चालणारी मशीनं. बऱ्याच जणांनी ती पक्क्या रंगात करून घेतली आहे, कारण उतरवायची वेळच येत नाही. चाळीस-पन्नास माणसांचं युनिट चालवणारा मालक सांगतो की ऑर्डर आहे, मशीन आहे, बँकेचा हप्ता चालू आहे, फक्त माणूस मिळत नाही. त्याची अडचण खरी आहे. पण त्याच्याच हजेरीपटावर वर्षभरात किती नवी नावं चढली आणि त्यातली किती सहा महिन्यांनंतरही आहेत, हे मोजून पाहिलं की लक्षात येतं, माणसं येतात. ती राहत नाहीत.

हा लेख अशा लहान मालकांसाठी आहे. मोठ्या कंपन्यांकडे मनुष्यबळ विभाग असतो, बस असते, कँटीन असतं. लहान मालकाकडे ते नाही, आणि त्याची स्पर्धा मात्र त्यांच्याशीच आहे. शिवाय आता तळेगाव-चाकणची गोदामं आहेत, आणि दुचाकीवरून डिलिव्हरीचं काम आहे. डिलिव्हरीत पेट्रोल स्वतःचं, गाडी स्वतःची, अपघाताची जोखीम बरीचशी स्वतःची, हे त्या मुलाला कळत नाही असं नाही. तरी तो जातो, कारण पैसे लवकर हातात येतात, सुट्टीसाठी कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही आणि दिवसभर कुणी डोक्यावर ओरडत नाही. मालकांनी हे गांभीर्याने घ्यायला हवं. आपल्याकडे काय कमी आहे, तेच तो मुलगा सांगतो आहे.

आधी हिशेब करू. माणूस सोडून गेल्याचं नुकसान कुठल्याच बिलावर येत नाही, म्हणून ते कुणी कागदावर मांडत नाही. समजा, महिना २०,००० रुपयांचा व्हीएमसी ऑपरेटर गेला. मशीनचा जॉबवर्कचा, म्हणजे दुसऱ्या कंपनीचं काम करून देण्याचा, दर तासाला ४०० रुपये. नवा माणूस मिळेपर्यंत दुसरी शिफ्ट आठ दिवस बंद राहिली आणि शिफ्टमागे कामाचे सात तास धरले, तर २२,४०० रुपये तिथेच गेले. नवा माणूस आला, पण फिक्श्चर (जॉब घट्ट पकडणारं साधन) त्याच्या सवयीचं नाही, ऑफसेट (टूलच्या मापाचे आकडे) टाकताना चुकतो. पहिल्या महिन्यात वाढलेलं रिजेक्शन आणि मोडलेली टूल्स मिळून ८,००० रुपये. पंधरा दिवस सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा जाणता माणूस, रोज दोन तास त्याच्याजवळ उभा, त्याचे ४,५०० रुपये. माणूस आणून देणाऱ्याचे ५,०००. बेरीज ३९,९००. यातून आठ दिवसांचा वाचलेला पगार आणि वीज वजा केली तरी तीस हजारांच्या आसपास रक्कम उरते. आकडे उदाहरणाचे आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत. पण एकदा घालावेतच.

आता पुढचा प्रश्न: मग पगारच वाढवला तर? दहा ऑपरेटर आहेत आणि वर्षात सहा सोडतात असं धरू. नुकसान १,८०,०००. दहाही जणांना महिना १,५०० रुपये वाढवले तर वर्षाला नेमके तेवढेच, वर पीएफचा वाटा वेगळा. म्हणजे सहाच्या सहा जण थांबले तरच ही वाढ भरून निघते. शेजारच्या शेडवाल्यानेही १,५०० वाढवले की पुन्हा सगळे होते तिथेच.

पगारवाढीने कामगार टिकल्याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण हेन्री फोर्डचं आहे. १९१३ साली त्याच्या डेट्रॉइटजवळच्या हायलंड पार्क कारखान्यात साधारण १४,००० माणसं लागत, आणि तेवढी उभी ठेवण्यासाठी वर्षात ५२,००० माणसं भरावी लागली. फिरत्या लाइनवर दिवसभर तेच ते काम. लोक काही दिवसांत कंटाळून जात. जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने रोज अडीच डॉलरच्या आतबाहेर असलेली मजुरी पाच डॉलर केली आणि नऊ तासांचे आठ तास केले. १९१५ पर्यंत सोडून जाणाऱ्यांचं वार्षिक प्रमाण ३७० टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं. ही गोष्ट सांगताना दोन बाबी सहसा गळतात. पाच डॉलर सरसकट नव्हते. त्यातला मोठा भाग नफ्याचा वाटा म्हणून मिळे, आणि त्यासाठी कामगाराच्या घरी तपासनीस येऊन तो नीट राहतो का, पैसे साठवतो का, हे बघत. आणि वाढ दीड हजारांसारखी नव्हती, दुप्पट होती. भोसरीतल्या जॉबवर्कवाल्याला दुप्पट पगार देणं शक्य नाही. म्हणून त्याने पगार बाजारभावाइतका तरी ठेवावा, त्याखाली असेल तर पुढचं काहीही उपयोगाचं नाही, आणि मग ज्या गोष्टींना पैसे कमी आणि लक्ष जास्त लागतं तिकडे वळावं.

त्यात सगळ्यात वरची म्हणजे पगाराची तारीख. 'होईल दहा-बारा तारखेपर्यंत' हे वाक्य जितकी माणसं घालवतं तितकी बाकीची कारणं मिळून घालवत नसतील, असं माझं स्पष्ट मत आहे. खोलीभाडं पाच तारखेला, मेसवाल्याचे पैसे त्याच सुमाराला, गावी आईच्या औषधाचे पैसे पाठवायचे. बारा तारखेला पगार झाला तर मधल्या आठवड्यात तो मुलगा कुणाकडून तरी उसने घेतो, आणि ज्याच्याकडून घेतो तोच सांगतो, 'आमच्याकडे ये, सात तारखेला मेसेज येतो.' मालकाची बाजूही समजून घेण्यासारखी आहे: मोठी कंपनी त्याचं बिल साठ-नव्वद दिवस अडकवते. सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, हा कायदा २००६ पासून आहे, आणि अलीकडे प्राप्तिकरातही तशी तरतूद आली आहे की वेळेत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही. बिल ट्रेड्सवर, म्हणजे लहान उद्योगांची बिलं बँकांकडून वटवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेवर, टाकून थोडं व्याज सोसून लवकर पैसे उचलता येतात. ते व्याज आणि तीस हजारांचं नुकसान शेजारी ठेवून बघावं. एक पगाराइतकी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून तिला हात लावायचा नाही, असा नियम केला तर उत्तमच. तसंही चार नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्यात आणि मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत देणं बंधनकारक आहे.

तारखेनंतर पावती. पगाराची पावती एकदा कामगाराच्या नजरेने वाचून पाहा. वर २०,००० दिसतात, खाली हातात येतात साडेसतरा-अठरा. मधे पीएफ, ईएसआय (कामगार राज्य विमा), व्यवसाय कर आणि 'इतर'. हे 'इतर' म्हणजे काय, हे सांगायला कुणी नसतं. पीएफसाठी १५,००० रुपये पगार धरला तर कामगाराचे १,८०० कापले जातात आणि मालक आपले १,८०० भरतो. कामगाराला कापलेलेच तेवढे दिसतात. ईएसआयमध्ये त्याच्या पगाराचा पाऊण टक्का जातो, मालकाचे सव्वातीन टक्के. त्या बदल्यात त्याला आणि घरच्यांना उपचार मिळतात, आणि काही महिने वर्गणी भरलेली असली तर आजारपणाच्या रजेत पगाराच्या ७० टक्के रक्कमही. चिंचवडला मोहननगरमध्ये या योजनेचं रुग्णालय आहे. किती मालकांनी आपल्या माणसांना तिथे कसं जायचं, कार्ड कसं काढायचं, हे सांगितलंय? महिन्याला पैसे भरायचे आणि त्याचं श्रेय मात्र घ्यायचं नाही, हा मोठा तोटा आहे. जो नवा मुलगा 'पीएफ कापू नका, हातात द्या' म्हणतो, त्याला अर्धा तास बसवून मोबाइलवर पासबुक उघडून दाखवलं तर तो आग्रह बऱ्याचदा निवळतो. नाही निवळला तरी कायदा पाळायचा आहेच. वीस किंवा जास्त माणसं असतील तर पीएफ आणि दहा किंवा जास्त असतील तर ईएसआय लागू होतो.

यापुढचा मुद्दा पहिल्या आठवड्याचा. नव्याने येणाऱ्यांतले बरेचसे लोक पहिल्या काही आठवड्यांतच गळतात, आणि तिथे काय घडतं हे मालकाला वरच्या केबिनमधून दिसत नाही. लातूरकडचा, मशिनिस्टचा आयटीआय केलेला एकवीस वर्षांचा मुलगा डोळ्यांपुढे आणा. सातच्या शिफ्टला पावणेसातला गेटवर हजर. वॉचमनकडे त्याचं नाव नाही. सुपरवायझर सव्वासातला येतो आणि 'बस तिकडं' म्हणतो. आठ नंबरचे सेफ्टी शूज संपलेत, म्हणून नऊ नंबरचे घालतो. दहा वाजेपर्यंत तो एका रिकाम्या पॅलेटवर बसलेला असतो, कारण सेटरला वेळ नाही. जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे उघडतात. याच्याकडे डबा नाही, कारण मेस अजून ठरलेली नाही. संध्याकाळी तो मित्राला फोन करतो. चौथ्या दिवशी येत नाही, आणि मालक म्हणतो, आजकालच्या पोरांना काम नकोच असतं.

यातलं काहीही सुधारायला मोठा खर्च नाही. फोनवर बोलावतानाच बुटाचा नंबर विचारता येतो. गेटवर नाव देता येतं. त्याच भागातला किंवा त्याच वयाचा एक जुना कामगार पंधरा दिवस जोडीला लावून त्याला थोडा भत्ता देता येतो. पहिल्या आठवड्याचं जेवण कारखान्याने दिलं तरी काही फार खर्च येत नाही. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते: तीन तारखेला रुजू झालेल्या मुलाचा पहिला पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेला, म्हणजे पस्तीसेक दिवसांनी. तोवर खोलीचं डिपॉझिट, मेसचे आगाऊ पैसे, बसचा पास, हे सगळं तो कुठून आणणार? पहिल्या महिन्यात दर शनिवारी केलेल्या कामातली काही रक्कम उचल म्हणून दिली तर तो टिकण्याची शक्यता बरीच वाढते. डिलिव्हरीवाल्यांचं नेमकं हेच आकर्षण आहे.

भरती करताना खरं बोलणं हाही टिकवण्याचाच भाग आहे. काम दाखवा, मगच होकार घ्या. ग्राइंडिंगची धूळ, कुलंटचा वास, रात्रपाळी, महिनाअखेरचा ओव्हरटाइम, सगळं आधी दिसू द्या. कामाची खरी कल्पना आधी दिली तर लवकर सोडणाऱ्यांचं प्रमाण काही अंशी घटतं, हे बाहेरच्या देशांतल्या अनेक अभ्यासांत दिसलं आहे. तसंच आतल्या कामगाराच्या ओळखीने आलेला माणूस जास्त टिकतो. त्याला कामाची खरी माहिती आधीच मिळालेली असते, आणि ज्याने आणलं त्याचा शब्दही असतो. माणूस आणून देणाऱ्या एजंटाला पाच हजार देण्याऐवजी ते आपल्याच कामगाराला द्यावेत. निम्मे रुजू झाल्यावर, निम्मे सहा महिन्यांनी.

सुपरवायझरबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण बहुतेक वर्कशॉपमध्ये दुखणं तिथे आहे. जो सगळ्यात चांगला ऑपरेटर, त्याला सुपरवायझर करायचं, ही पद्धत. त्याला मशीन कळतं. दहा माणसांकडून काम कसं करून घ्यायचं, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. डिस्पॅचचा ताण वरून आला की तो शिवी होऊन खाली उतरतो. कामगार सोडताना 'घरी अडचण आहे' एवढंच सांगतो. सुपरवायझरचं नाव कुणी घेत नाही. म्हणून मालकाने किंवा मालकिणीने स्वतः महिन्यातून एकदा, सुपरवायझर नसताना, माणसांचं ऐकून घ्यावं. नुसतं ऐकण्याने काय होतं, असं वाटेल. बेंगळुरूच्या कपडे शिवणाऱ्या कारखान्यांत अर्थतज्ज्ञांनी एक प्रयोग केला होता. किमान वेतनात झालेली वाढ अपेक्षेपेक्षा बरीच कमी निघाली आणि कामगार नाराज होते. त्यातल्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडलेल्या काही जणांना नाव न घेता आपलं म्हणणं मांडायची संधी दिली. पगार तोच, काम तेच. पुढच्या काही महिन्यांत या गटातली नोकरी सोडण्याची शक्यता सुमारे एक पंचमांशाने कमी राहिली. अर्थात दरवेळी ऐकून काहीच केलं नाही, तर लोक बोलायचे थांबतील. दर महिन्याला एक तरी तक्रार निस्तरून ती कुणाच्या सांगण्यावरून निस्तरली, हे सगळ्यांसमोर सांगावं. बंद पडलेला कूलर, तुंबलेलं संडास, पाण्याची टाकी, सुरुवात इथूनच होते. एप्रिलमधला पत्र्याच्या शेडखालचा उकाडा ही तक्रार तर नक्की येणार. बेंगळुरूच्याच कारखान्यांत साधे दिवे काढून एलईडी लावले, तेव्हा आतलं तापमान उतरलं आणि उन्हाच्या दिवसांत उत्पादनही वाढलं होतं.

'शिकवलं की जातो' ही मालकांची जुनी तक्रार. यावर एक उपाय बहुतेकांच्या भिंतीवर आधीच टांगलेला आहे. ऑटोमोबाइलला माल देणाऱ्या प्रत्येक शॉपमध्ये ऑडिटसाठी स्किल मॅट्रिक्स लावलेला असतो: डाव्या बाजूला नावं, वर मशीनं, आणि चौकटीत चार भागांचं वर्तुळ. एक भाग भरला की देखरेखीखाली काम करतो, चारही भरले की दुसऱ्याला शिकवू शकतो. कस्टमरचा ऑडिटर आला की हा तक्ता अद्ययावत होतो, एरवी त्याकडे कुणी बघत नाही. त्या वर्तुळाच्या प्रत्येक भागाला रुपये जोडा. सीएनसीचं तिसरं पाव भरलं की महिना अमुक इतके, व्हीएमसीचं सेटिंग आलं की तमुक. परीक्षा कधी आणि कोण घेणार, तेही लिहा. मग हेल्परला दिसतं की दोन वर्षांत आपण कुठे पोचू, आणि पगारवाढ मालकाच्या मर्जीवर राहत नाही. शिकून काही जण जातीलच. पण पुढची पायरी भिंतीवर लिहिलेली असली तर दीड हजारांसाठी शेजारी जाणारा थोडा विचार करतो.

सुट्टीचं वेळापत्रक हा असाच दुर्लक्षित विषय. मराठवाड्यातला मुलगा पेरणीला आणि दिवाळीला जाणार, कोकणातला गणपतीला, बिहारचा छठपूजेला. दरवर्षी हेच होतं आणि दरवर्षी मालक हादरतो. रेल्वेचं आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी सुरू होतं. तेव्हा सणाच्या सत्तर दिवस आधी रजेची यादी पक्की करून तिकिटं कारखान्यानेच काढून दिली, जातानाचं आणि येतानाचंही, तर माणूस ठरलेल्या दिवशी परततो. रजा नाकारली की तो न सांगता जातो आणि मग लाजेनेच परत येत नाही. अशी कामाची माणसं निव्वळ संकोचापायी गमावलेली मी पाहिली आहेत.

ठेकेदाराकडून माणसं घेणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की ठेकेदाराने पगार बुडवला किंवा पीएफ भरला नाही, तर जबाबदारी शेवटी मूळ मालकावर येते. आणि एकाच मशीनवर दोघं उभे, एकाला बोनस आणि दुसऱ्याला नाही, हे दृश्य त्या दुसऱ्याला रोज सांगतं की तू इथला नाहीस. कायम करणं जमत नसेल तर ठरावीक मुदतीचा थेट करार हा मधला मार्ग आहे. नव्या संहितेनुसार अशा कामगाराला एक वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो.

ज्यांना मुलगे मिळत नाहीत, त्यांनी मुलींचा विचार तरी केलाय का? टाटा मोटर्सच्या पुण्यातल्या कारखान्यात हॅरिअर आणि सफारी जोडणाऱ्या लाइनवर २०२२ मध्ये पंधराशे स्त्रिया काम करत होत्या. लहान शॉपमध्ये इन्स्पेक्शन, असेंब्ली, पॅकिंग, अगदी सीएनसीसुद्धा मुली उत्तम चालवतात. त्यांना लागतं ते स्वच्छ, कडी लागणारं संडास, ठरल्या वेळी सुटणारी शिफ्ट आणि उजेडातून घरी जाण्याची सोय. एकट्याला गाडी परवडत नसेल तर गल्लीतल्या पाच-सहा शेडवाल्यांनी मिळून एक टेम्पो ट्रॅव्हलर ठेवावी. राहण्याच्या सोयीचंही तसंच. तामिळनाडूत श्रीपेरुंबुदूरजवळ सरकारी औद्योगिक महामंडळाने २०२४ मध्ये स्त्री कामगारांसाठी सुमारे १८,७०० जणींचं वसतिगृह उभं केलं, कारण फोन जोडणाऱ्या कारखान्यांना दूरच्या गावांतून मुली आणायच्या होत्या. आपल्या औद्योगिक संघटनांनी एमआयडीसीकडे रस्ते आणि वीज मागतात तितक्याच जोरात हे मागायला हवं.

सरकारी मदतीचं थोडक्यात: अ‍ॅप्रेंटिस घेतला तर राष्ट्रीय योजनेतून विद्यावेतनाचा काही भाग मिळतो. ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेल्या केंद्राच्या रोजगार योजनेत, पन्नासपेक्षा कमी माणसं असलेल्या मालकाने किमान दोन जादा माणसं घेऊन सहा महिने टिकवली, तर माणशी महिना ३,००० रुपयांपर्यंत मिळू शकतात, उत्पादन क्षेत्रात चार वर्षांपर्यंत. पहिल्यांदाच नोकरीला लागलेल्याला दोन हप्त्यांत १५,००० पर्यंत मिळतात, पहिला सहा महिन्यांनी आणि दुसरा वर्षाने. ही अट नव्या मुलाला रुजू होतानाच सांगा. सहा महिने काढायला त्याला स्वतःचं एक कारण मिळेल.

आणि जो तरीही जातोय, त्याला कसं पाठवता, याकडे उरलेले सगळे बघत असतात. हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करावा, असं आता कायदाच म्हणतो. पीएफच्या पोर्टलवर सोडल्याची तारीख लगेच टाकावी; ती अडवून ठेवली की त्याला पैसे काढायला आणि वळते करायला त्रास होतो, आणि ही बातमी मेसमध्ये त्याच रात्री पोचते. अनुभवाचं पत्र द्यावं. नंबर ठेवावा. दोन-तीन महिन्यांनी एक फोन करून 'कसं चाललंय तिकडं' विचारावं. मोठ्या कंपनीच्या सहा महिन्यांच्या ट्रेनीशिपवर गेलेल्या मुलाची मुदत कधी संपते, ते त्याच दिवशी कॅलेंडरवर लिहून ठेवावं.